रणजी हीच नोकरी समजून क्रिकेट खेळायचं असेल तर काय काय करावं लागतं

इंडिया खेळायचंय असं प्रत्येक मुलगा सांगतो आणि त्यात चुकीचं काहीच नाही, पण हे लिहितोय ते त्यांच्यासाठी ज्यांना आपल्या राज्याकडून रणजी, म्हणजे राज्याराज्यांच्या टीमची देशातली मुख्य स्पर्धा, दहा-बारा वर्षं खेळायचीय आणि त्यावर घर चालवायचंय, आणि त्यांच्या आईबाबांसाठी, ज्यांना ह्या लाईनमध्ये नक्की काय असतं ते कोणी नीट बसून सांगत नाही. पहिली गोष्ट म्हणजे इंडिया नाही खेळलो तर सगळं फुकट गेलं हा विचार डोक्यातून काढा. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८-४९ ला पुण्यात महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ केले, त्यांना एकही टेस्ट मिळाली नाही. पद्माकर शिवलकरांनी फर्स्ट क्लासमध्ये (रणजीसारख्या तीन-चार-पाच दिवसांच्या मॅचेसमध्ये) ५८९ विकेट काढल्या, त्यांनाही टेस्ट नाही. अमोल मुजुमदारने १९९३-९४ ला रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० मारले, पुढे फर्स्ट क्लासमध्ये ११,१६७ रन्स केले, इंडियाची कॅप नाही, आणि २०२५ ला वर्ल्ड कप जिंकला त्या आपल्या महिला टीमचा हेड कोच तोच होता. ह्यांची करिअरं अर्धवट राहिली असं मी तरी कधीच म्हणणार नाही. ही पूर्ण वेळची, कष्टाची, मानाची नोकरी आहे, आणि नोकरीसारखाच तिचा विचार केला, म्हणजे भरती कशी होते, पगार किती, सुट्टीत काय करायचं, रिटायर झाल्यावर काय, तरच ती निभावते.

आता आधी हे बघा की तुम्ही कुठल्या असोसिएशनमध्ये येता, कारण आपल्या एका राज्यात रणजीच्या तीन टीम आहेत आणि दर वर्षी कितीतरी पोरं चुकीच्या ठिकाणी फॉर्म भरायला जातात. मुंबईची टीम वेगळी, तिच्यात ठाणे, पालघरकडची पोरंही येतात (शार्दुल ठाकूर पालघरहून किट घेऊन लोकलने यायचा हे सगळ्यांना माहितीये). नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ वगैरे विदर्भात. आणि पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, मराठवाडा हे सगळं महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे, ज्यांचं स्टेडियम गहुंजेला आहे. गोव्याची असोसिएशन स्वतंत्र, पर्वरीला. तुमचा जन्म कुठला, शाळा-कॉलेज कुठलं, राहता कुठे, ह्याचे कागद बघून तुम्ही कोणाचे ते ठरतं, आणि हे नियम सीझनला थोडे बदलू शकतात म्हणून स्वतः असोसिएशनच्या ऑफिसात जाऊन विचारायचं, अकॅडमीतल्या कोणाच्या सांगण्यावर जायचं नाही.

मुंबईत स्पर्धा जास्त आहे पण रोज खेळायला मिळतं. शाळेपासून जाइल्स शिल्ड, हॅरिस शिल्ड, मग क्लब, कांगा लीग, ऑफिसांच्या टीमची टाइम्स शिल्ड. मॅचेसची कमी नाही. बाकी महाराष्ट्रात रस्ता जिल्ह्यावरून जातो, तुमच्या जिल्ह्याची टीम, मग जिल्ह्याजिल्ह्यांच्या मॅचेस, त्यात रन्स किंवा विकेट दिसल्या तर राज्याचे प्रोबेबल्स (संभाव्य खेळाडूंची यादी), मग कॅम्प. म्हणून छोट्या गावातल्या पोरांना मी एकच सांगतो, जिल्ह्याच्या असोसिएशनला तुमचं नाव आणि चेहरा माहिती पाहिजे, तिथल्या लीगमध्ये कुठल्या तरी क्लबकडून रजिस्टर व्हा, नुसतं अकॅडमीत फी भरून नेट्स मारत बसलं तर स्कोअरशीटवर नाव येत नाही, आणि निवड जी काय होते ती स्कोअरशीट बघूनच सुरू होते.

वयाच्या पायऱ्या अशा आहेत: अंडर १६ ला विजय मर्चंट ट्रॉफी, अंडर १९ ला चार दिवसांची कूचबिहार आणि वनडेची विनू मांकड, अंडर २३ ला कर्नल सी. के. नायडू, आणि वर सिनियर म्हणजे रणजी (लाल बॉलची, चार दिवसांची), विजय हजारे (वनडे), सय्यद मुश्ताक अली (टी-ट्वेंटी). अंडर १६ ला डाव्या मनगटाचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतात, त्यात वय जास्त निघालं तर तुम्ही त्या गटात खेळू शकत नाही, कागदावर काहीही असो. इथे आईबाबांना हात जोडून सांगतो, जन्मदाखल्यात एक-दोन वर्षं कमी करायच्या भानगडीत पडू नका. बीसीसीआयने २०२० ला स्पष्ट सांगितलं की खोटा दाखला सापडला तर दोन वर्षं बंदी. सतराव्या-अठराव्या वर्षी दोन वर्षं घरी बसणं म्हणजे काय हे त्या पोराला विचारा. आणि दुसरं, अंडर १६ ला सिलेक्शन नाही झालं म्हणून क्रिकेट सोडायची गरज अजिबात नाही. उमेश यादव विशीपर्यंत टेनिस बॉल टाकत होता, वडील कोळशाच्या खाणीत कामाला, पोलीस भरतीचा प्रयत्न करून झाला होता, २००८ ला विदर्भाकडून रणजी खेळला आणि पुढचं माहितीच आहे. फास्ट बॉलरला उशीर चालतो. बॅट्समनला मात्र एकोणीसच्या आत कुठेतरी दिसायला लागतं, हा माझा अनुभव आहे, नियम नाही.

आता ट्रायल. ओपन ट्रायलला शेकडो पोरं असतात, छातीवर नंबर चिकटवतात, बॅट्समनला नेटमध्ये दहा-बारा बॉल मिळतात आणि बॉलरला एखाद-दोन ओव्हर, बस. त्यात दिवसभर उन्हात बसून तुमचा नंबर चार वाजता येतो, तोवर अंग थंड पडलेलं असतं, डबा खाऊन डोळे जड झालेले. त्यामुळे पहिली तयारी म्हणजे तुमच्या आधी वीस नंबर राहिले की उठायचं, दोन राऊंड मारायचे, कोणाकडून तरी दहा-पंधरा थ्रोडाऊन (जवळून हाताने टाकलेले बॉल) घ्यायचे, बॉलरने बाजूला चार-सहा बॉल मोकळे टाकून खांदा गरम ठेवायचा. नेटमध्ये गेल्यावर पहिल्या बॉलला स्टेप आऊट करून सिक्स मारायचा मोह सगळ्यांना होतो. सिलेक्टर मात्र तिथे बघत असतो की ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल सोडताना डोकं कुठे आहे, शॉर्ट बॉलला पाय मागे जातोय का, बीट झाल्यावर पुढच्या बॉलला काय करतो. तीन बॉल नीट सोडलेत, दोन सरळ बॅटने ड्राईव्ह केलेत, एक बीट झालात आणि परत शांत उभे राहिलात तर नंबर लिहून घेतला जातो. बॉलरने पूर्ण रनअपने टाकायचं, नेट आहे म्हणून चार पावलं कमी नको, आणि नो बॉल टाकू नका, नेटमध्ये नो बॉल टाकणारा मॅचमध्येही टाकतो असं प्रत्येक जुना माणूस धरून चालतो. आणि ट्रायलला निवडलं नाही तर तिथे वाद घालायचा नाही, परत लीगला जाऊन रन्स करायचे. पोराच्या मागे सिलेक्टरशी बोलायला जाणारे वडील मी बघितलेत, त्याचा उलटा परिणाम होतो.

ऑफ सीझन म्हणजे आराम नाही, त्यातच अर्धं करिअर घडतं. मुंबईत कांगा लीग १९४८ पासून पावसाळ्यात खेळतात, विकेट उघड्या असतात, ओल्या, वर गवत वाढलेलं, बॉल कुठेही उडतो नाहीतर थांबून येतो, तिथे ज्याने वीस-पंचवीस रन्स तासभर टिकून केले त्याला ऑक्टोबरमधल्या टर्फचं (मातीच्या तयार विकेटचं) काही वाटत नाही. नागपुरात गुजदर लीग आहे, पुण्यात क्लबच्या मॅचेस असतात. राज्याच्या टीममध्ये आलात की ऑगस्टला चेन्नईच्या बुची बाबूसारख्या स्पर्धांना जायची संधी मिळते, तिथे वेगळ्या मातीवर खेळायला मिळतं, असली संधी दुखतंय-खुपतंय म्हणून कधीच सोडू नका. आणि मॅटिंगवर (चटई अंथरलेल्या विकेटवर) खेळून आलेल्या पोरांनी टर्फची सवय जिथे मिळेल तिथे लावून घ्या, कारण मॅटिंगवर बॉल एका उंचीने येतो आणि टर्फवर तिसऱ्या दिवशी एक बॉल घोट्याला लागतो, एक छातीला.

रणजीत एकदा आत गेल्यावर टिकायचं कसं, हा खरा विषय आहे आणि ह्यावर कोणी बोलत नाही. डेब्यू करणारे खूप आहेत, तीस मॅच खेळणारे कमी आहेत.

रणजीचा हिशोब पॉइंट्सचा असतो. मॅच सरळ जिंकलात तर ६, डावाने किंवा दहा विकेटने जिंकलात तर ७, आणि मॅच ड्रॉ झाली तर पहिल्या इनिंगमध्ये ज्याची आघाडी त्याला ३ आणि दुसऱ्याला १. म्हणजे पहिल्या इनिंगची आघाडी सोन्यासारखी. २०२४-२५ ची फायनल विदर्भ केरळशी खेळलं नागपूरजवळ जामठ्याला, पहिल्या इनिंगला ३७९ विरुद्ध ३४२, मॅच ड्रॉ झाली आणि त्या ३७ रन्सवर विदर्भ चॅम्पियन. आता विचार करा, ३७ रन्स म्हणजे नववा-दहावा बॅट्समन किती वेळ उभा राहिला, कोणी दोन कॅच सोडले नाहीत, कोणी वीस बाइज दिल्या नाहीत, हाच फरक असतो. त्यामुळे बॉलरनो, बॅटिंग शिका. नेट संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं कोणाला तरी सांगून साईडआर्मने (बॉल फेकायच्या लांब दांड्याने) शॉर्ट बॉल टाकून घ्या. टीम निवडताना दोन सारखे स्पिनर समोर असतील तर कॅप्टन ज्याला आठ नंबरला पाठवता येतं तोच घेतो, हे मी कितीदा बघितलंय.

आणि बॉलरसाठी रणजीचा खरा पेपर म्हणजे तिसऱ्या दिवशीचं दुपारचं सेशन. लंच झालेलं असतं, विकेट मेलेली, बॉल साठ ओव्हर जुना, शिवण बसलेली, एसजी कंपनीच्या बॉलची एक बाजू खरवडलेली आणि दुसरी बाजू ड्रेसिंग रूममधून सारखं ओरडून सांगतात म्हणून घासून घासून जेमतेम चमकणारी, समोर दोन बॅट्समन सेट, स्टँडमध्ये पंधरा-वीस माणसं आणि एखादा झोपलेला कुत्रा. तिथे तुमची अठरावी ओव्हर. कॅप्टनला त्या वेळी विकेट मिळाली तर हवीच आहे, पण त्याच्या आधी त्याला एका बाजूने रन्स थांबलेले हवे असतात, की दुसऱ्या बाजूने तो काहीतरी करू शकेल. सहा ओव्हरमध्ये आठ-नऊ रन्स देऊन एका टोकाने बांधून ठेवलं तर स्कोअरकार्डवर काही दिसत नाही पण पुढच्या मॅचला तुमचं नाव पहिल्या चारात असतं. हर्ष दुबेने २०२४-२५ च्या रणजीत ६९ विकेट काढल्या, एका सीझनचा रेकॉर्ड, तो लेफ्ट आर्म स्पिनर आहे, आणि लाल बॉलच्या ह्या कामगिरीवरच त्याला त्याच सीझनला सनरायझर्स हैदराबादने बदली खेळाडू म्हणून आयपीएलला उचललं. लाल बॉलने आता कोणी विचारत नाही असं जे म्हणतात त्यांना हे नाव सांगा.

बॅट्समनचं सोपं आहे सांगायला आणि कठीण करायला. शंभर नाही, मोठं शंभर. सिलेक्टर समोर तुमच्या ४०, ५५, ६२ अशा इनिंग ठेवल्या तर तो म्हणतो चांगला दिसतो, आणि १५, ८, १८७ ठेवलं तर म्हणतो ह्याने मॅच काढून दिली. सेट झाल्यावर विकेट फेकणं हा मुंबईच्या मैदानांवर गुन्हा धरतात, मुंबईचं खडूस क्रिकेट म्हणतात ते हेच, आणि रणजी ४२ वेळा जिंकलेली टीम आहे ती, तेव्हा त्यांचं ऐकायला हरकत नाही.

बेंचवर बसायची वेळ प्रत्येकावर येते. पंधरा-सोळा जणांत नाव आलं, हॉटेलला गेलात, किट मिळाला, घरच्यांनी फोटो टाकले, आणि मग सलग चार मॅच तुम्ही पाण्याच्या बाटल्या नेताय. ह्या काळात पोरं मनाने खचतात किंवा शरीराने सुटतात. करायचं काय तर मॅचच्या दिवशी सकाळी टीम वॉर्मअपला जाते तेव्हाच स्वतःचा पूर्ण नेट करून घ्यायचा, लंचला मैदानाच्या कडेला दोन-चार जणांना घेऊन बॅटिंग-बॉलिंग, मॅच संपल्यावर जिम. सब्स्टिट्यूट म्हणून फिल्डिंगला गेलात तर ते एक सेशन म्हणजे तुमची ट्रायल आहे असं समजा, शॉर्ट लेगला उभं राहायला कोणी तयार नसतं, तिथे तुम्ही हात वर करा. टीममधली जागा कॅच पकडून मिळाल्याची उदाहरणं प्रत्येक राज्यात आहेत. आणि बेंचवर बसून ड्रेसिंग रूममध्ये कुरकुर करणारा माणूस कितीही चांगला असला तरी पुढच्या सीझनला नको असतो, हे अगदी खरं आहे.

शरीराबद्दल थोडंच सांगतो कारण ट्रेनर सांगतीलच. फास्ट बॉलर पोरांचं कमरेचं हाड पंधरा ते वीस ह्या वयात कच्चं असतं, स्ट्रेस फ्रॅक्चर त्याच वयात होतात. शाळा, क्लब, अकॅडमी, जिल्हा अशा चार ठिकाणी एकच पोरगं बॉलिंग टाकत असतं आणि चारही कोचना एकमेकांचं माहिती नसतं. आठवड्याला किती बॉल टाकले ते स्वतः वहीत लिहा, आईबाबांनी बघा. कंबर एकाच बाजूला दुखायला लागली आणि दोन आठवडे थांबली नाही तर बाम लावून खेळू नका, डॉक्टरकडे जा.

आणि औषधं. हे सगळ्यांनी वाचा. फेब्रुवारी २०१९ ला मुश्ताक अलीच्या मॅचला इंदूरला पृथ्वी शॉची डोपिंग टेस्ट झाली, त्यात टर्ब्युटालिन सापडलं, जे साध्या खोकल्याच्या औषधात असतं, आणि त्याला आठ महिने बंदी बसली. म्हणजे कोणी काही वाईट हेतूने केलं नव्हतं, मेडिकलमधून खोकल्याचं औषध घेतलं एवढंच. तेव्हापासून तर नाडा (देशाची डोपिंग तपासणारी संस्था) थेट येऊन डोमेस्टिकच्या खेळाडूंची टेस्ट करते. तुम्हाला सर्दी, खोकला, दमा, अंगदुखी काही झालं तरी आधी टीमच्या फिजिओला किंवा डॉक्टरला नाव दाखवायचं, मग गोळी तोंडात. जिममधल्या ओळखीच्याने दिलेली पावडर, डब्यावर काय लिहिलंय ते कळत नसेल तर नकोच. मी गावाकडची पोरं बघितलीत जी कोणाच्या तरी सांगण्यावर काहीही इंजेक्शन घेतात, कृपा करून असं करू नका, करिअर जातं आणि तब्येतही.

आता पैसे, कारण ह्याशिवाय बाकी सगळं बोलणं पोकळ आहे. २०२१ ला बीसीसीआयने दर ठरवले ते असे: सिनियर पुरुषांना ४० पेक्षा जास्त मॅच खेळलेल्याला दिवसाला ६०,०००, २१ ते ४० मॅचवाल्याला ५०,०००, आणि २० पर्यंत ४०,०००. अकरात नसाल, बेंचवर असाल तर अर्धे. अंडर २३ ला दिवसाला २५,००० आणि अंडर १९ ला २०,०००. आता हिशोब करा, रणजी एलिटच्या (वरच्या गटाच्या) सात लीग मॅच, चार दिवसांची एक, म्हणजे २८ दिवस. नवीन पोरगं सगळ्या मॅच अकरात खेळलं तर ११,२०,०००, सगळ्या बेंचवर बसलं तर ५,६०,०००. त्यात विजय हजारेचे सामने धरले तर अजून थोडे, टी-ट्वेंटीला दर कमी आहे. नॉकआऊटच्या मॅच पाच दिवसांच्या, तिथवर गेलात तर आणखी. काही असोसिएशन वरून स्वतःचे देतात, मुंबईने २०२४-२५ पासून बीसीसीआयच्या फीएवढीच रक्कम आपल्या रणजी खेळाडूंना वर द्यायचं ठरवलं. ऐकायला हे भरपूर वाटतं आणि आहेही, पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे हा पगार नाही, कॉन्ट्रॅक्ट नाही, खेळलात तर पैसे, बोट मोडलं तर नाहीत. दुसरं, पैसे दर महिन्याला येत नाहीत, बिलं भरून, टीडीएस कापून, कधी सीझन संपल्यावर बऱ्याच उशिरा खात्यात येतात, म्हणून खर्च त्या अंदाजाने करायचा आणि हप्त्याची गाडी पहिल्याच वर्षी घ्यायची नाही. तिसरं, २०२०-२१ ला कोविडमुळे रणजी झालीच नाही, नंतर भरपाई म्हणून काही रक्कम दिली गेली पण त्या वर्षी कितीतरी खेळाडूंच्या घरात काय परिस्थिती होती ते मी जवळून बघितलंय. वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवणं, मेडिकल इन्शुरन्स काढणं, रिटर्न वेळेवर भरणं, ही कामं कव्हर ड्राईव्हएवढीच महत्त्वाची आहेत. आणि खर्चही आहे हो, चांगली इंग्लिश विलोची बॅट पंधरा-वीस हजारांच्या खाली मिळत नाही आणि सीझनला एकीवर भागत नाही, स्पाइक्स, ग्लोव्ह्ज, फिजिओ वेगळं. बॅटचा स्पॉन्सर मिळेपर्यंत हे सगळं खिशातून.

म्हणून नोकरी. पूर्वी मुंबईत टाटा, मफतलाल, निरलॉन, एअर इंडिया, रिझर्व्ह बँक, अशा ऑफिसांच्या टीमवर खेळाडूंची घरं चालली, आता त्या जागा पुष्कळ कमी झाल्यात पण संपलेल्या नाहीत. रेल्वे, इन्कम टॅक्स, पेट्रोलियम कंपन्या, ऑडिटचं ऑफिस, इथे स्पोर्ट्स कोट्याच्या जाहिराती येतात, त्याला राज्याकडून खेळल्याची सर्टिफिकेटं आणि शिक्षणाची अट लागते, बहुतेक ठिकाणी दहावी-बारावी, काही ठिकाणी ग्रॅज्युएशन. प्रत्येक सीझनची सर्टिफिकेटं असोसिएशनकडून तेव्हाच्या तेव्हा मागून घ्या, पाच वर्षांनी मागायला गेलं की ऑफिसातली माणसं बदललेली असतात. रेल्वेत लागताना एक लक्षात घ्या, रेल्वेची स्वतःची रणजी टीम आहे, त्यामुळे नोकरीबरोबर बहुतेक वेळा तुमची टीमही बदलते. मला विचाराल तर बावीस-तेवीसच्या वयात राज्याच्या सिनियर टीममध्ये जागा पक्की नसेल तर आलेली सरकारी नोकरी घ्या, खेळ सुटत नाही, उलट डोकं शांत राहिल्यावर रन्स होतात. शिक्षणाचंही तेच. विदर्भाच्या रजनीश गुरबाणीने २०१७-१८ च्या फायनलला दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली, विदर्भाला पहिली रणजी मिळाली, तो सिव्हिल इंजिनिअर आहे. बाहेरून परीक्षा द्या, एटीकेटी राहू द्या, पण डिग्री पूर्ण करा.

आयपीएलचं काय, हा प्रश्न येणारच. तिथे २०२५ च्या लिलावाला कमीत कमी बेस प्राइस (बोली जिथून सुरू होते ती रक्कम) ३० लाख होती, म्हणजे नुसतं नाव लागलं तरी रणजीच्या दोन-अडीच सीझनएवढे. स्वप्न बघा. पण वाट कुठून जाते ते समजून घ्या, स्काऊट येतात मुश्ताक अलीला आणि राज्यांच्या लीगला. २०२३ पासून गहुंजेला महाराष्ट्र प्रीमियर लीग होते, टी-ट्वेंटी मुंबई लीग २०२५ ला परत सुरू झाली, विदर्भानेही २०२५ ला स्वतःची काढली. तिथे दिसायचं तर एक काम तुम्हाला बाकीच्यांपेक्षा चांगलं यायला हवं, शेवटच्या चार ओव्हरचे यॉर्कर, पॉवर प्लेमध्ये डावखुरी स्पिन, सहा नंबरला येऊन पहिल्या बॉलपासून मारणं, काहीही एक. आणि लीगसाठी बॅटिंग बदलून रणजीतली जागा घालवू नका, ऋतुराज गायकवाडने विजय हजारेत उत्तर प्रदेशविरुद्ध एका ओव्हरला सात सिक्स मारले तो नाबाद २२० च्या इनिंगमधला शेवटाकडचा भाग होता, आधी चाळीसेक ओव्हर त्याने नीट क्रिकेटच खेळलं होतं. बाहेरच्या देशातल्या टी-ट्वेंटी लीग सध्या खेळत असलेल्या आपल्या पुरुष खेळाडूंना बोर्ड खेळू देत नाही. इंग्लंडला उन्हाळ्यात क्लब क्रिकेट खेळायला जाता येतं, छान अनुभव असतो, फक्त बोर्डाची एनओसी (ना हरकत पत्र) आणि योग्य व्हिसा दोन्ही लागतं, व्हिजिटर व्हिसावर जाऊन पैसे घ्यायचे नाहीत.

आपल्या राज्यात जागाच नसेल तर दुसऱ्या राज्याकडून प्रोफेशनल म्हणून जाणं हा चांगला मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. एका टीमला बाहेरचे तीनच खेळाडू घेता येतात, आधी आपल्या असोसिएशनची एनओसी घ्यायची. वसीम जाफर मुंबईहून विदर्भात गेला आणि २०१८-१९ ला चाळिशीत एका रणजी सीझनला १०३७ रन्स केले. करुण नायर कर्नाटक सोडून विदर्भाला आला, २०२४-२५ च्या विजय हजारेत ७७९ रन्स, आणि परत इंडियाच्या टेस्ट टीममध्ये. अर्जुन तेंडुलकर मुंबईतून गोव्याला गेला आणि पहिल्याच रणजी मॅचला राजस्थानविरुद्ध शंभर केलं. पण बाहेरून आलेल्या माणसाकडून अपेक्षा दुप्पट असते, तिथल्या ज्या पोराची जागा तुम्ही घेतली तो समोरच नेट्समध्ये असतो, चार मॅच खराब गेल्या की पुढच्या वर्षी फोन येत नाही. त्यामुळे आपल्या राज्यात दोन-तीन सीझन चांगले झाल्यावरच जा, एकोणिसाव्या वर्षी रागाने राज्य सोडू नका.

मुलींसाठी तर हा मार्ग जास्तच उपयोगी पडलाय. सोलापूरकडच्या किरण नवगिरेने २०२२ ला नागालँडकडून अरुणाचलविरुद्ध टी-ट्वेंटीत नाबाद १६२ मारले आणि त्याच वर्षी इंडियाकडून खेळली. मुलींच्या फीबद्दल इतकी वर्षं वाईट वाटायचं, सिनियरला दिवसाला २०,००० म्हणजे अंडर १९ च्या मुलांएवढेच, ते डिसेंबर २०२५ ला बोर्डाने ५०,००० केले, बेंचला २५,०००. आता मुलीच्या घरच्यांनी ह्याकडे नोकरी म्हणून बघायला खरंच हरकत नाही. सांगलीची स्मृती मानधना, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्स ह्या दोघी अंडर १९ च्या वनडे मॅचेसमध्ये डबल सेंच्युरी मारून पुढे आल्यात, म्हणजे रस्ता तोच आहे, एज ग्रुपमध्ये रन्सचा डोंगर.

एक गोष्ट चिडून सांगतो, माफ करा. पैसे घेऊन सिलेक्शन करून देतो म्हणणारी माणसं प्रत्येक शहरात फिरतायत. अमुक राज्याच्या अंडर २३ ला लावतो, तिथला रहिवासी दाखला पण काढून देतो, पाच लाख द्या, आठ लाख द्या. लोकांनी शेत विकून पैसे दिलेत. कोणालाही एक रुपया देऊ नका, आधी टीम मिळत नाही आणि खोट्या रहिवासी दाखल्यालाही तीच दोन वर्षांची बंदी आहे. तसंच कोणी अनोळखी माणूस हॉटेलच्या लॉबीत ओळख काढून टीम काय असेल, विकेट कशी आहे, असं विचारायला लागला, घड्याळ-मोबाईल गिफ्ट द्यायला लागला, तर त्याच दिवशी टीम मॅनेजरला आणि अँटी करप्शनच्या माणसाला सांगायचं. नाही म्हटलं आणि गप्प बसलं तरी तो गुन्हाच धरतात, हे पोरांना माहितीच नसतं.

आणि शेवट कधी करायचा. बत्तीस-तेहतीसला टीममध्ये विशीतली पोरं यायला लागतात, कोच तुमच्याशी कमी बोलायला लागतो, तेव्हा पुढच्याची तयारी आधीपासून असली पाहिजे, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतिसाव्या वर्षीच. कोचिंगमध्ये जायचं असेल तर असोसिएशनकडून बोर्डाच्या लेव्हल वन कोर्सला नाव टाका, खेळता खेळता ऑफ सीझनला करता येतो. अंपायरिंगचं तर मी सगळ्यांना सुचवतो, राज्याची परीक्षा, मग बोर्डाची, आणि फर्स्ट क्लास खेळलेल्यांना तिथे किंमत आहे, तन्मय श्रीवास्तव आयपीएल खेळला होता आणि २०२५ ला आयपीएलच्याच मॅचमध्ये अंपायर म्हणून उभा राहिला. व्हिडिओ ॲनालिस्ट, क्युरेटर (विकेट तयार करणारा), स्कोअरर, ह्याही पक्क्या कामाच्या जागा आहेत आणि प्रत्येक असोसिएशनला चांगली माणसं हवी असतात. नियमांचं पुस्तक आत्ताच घ्या, टीमच्या बस प्रवासात रोज दोन पानं वाचा. अंपायरच्या लेखी परीक्षेत मोठमोठे खेळाडू नापास होतात ते ओव्हरथ्रो आणि डेड बॉलच्या प्रश्नांवर, म्हणून ते दोन भाग आधी करा.